प्रोजेक्ट ब्लू बुक

प्रोजेक्ट ब्लू बुक हा अज्ञात उडत्या वस्तूंच्या (यूएफओ) नोंदींची छाननी करण्यासाठी अमेरिकेच्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात चालविलेला प्रकल्प होता. त्याचे मुख्यालय ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन हवाई तळावर होते. कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट हे त्याचे पहिले प्रमुख होत.

प्रकल्पाकडे आलेल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. बहुतेक उरलेल्या नोंदींमागे ग्रह, तारे, उल्का, फुगे किंवा विमाने असल्याचे ठरविण्यात आले. हे खुलासे लोकांना नेहमीच पटले नाहीत. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दिसलेल्या दिव्यांमागे दलदलीतील वायू असावा, असे प्रकल्पाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी सांगताच त्यांची देशभर थट्टा झाली. तेथील लोकप्रतिनिधी जेराल्ड फोर्ड (पुढे राष्ट्राध्यक्ष) यांनी काँग्रेसने सुनावणी घ्यावी, अशी मागणी केली.

लोकांचा संशय अगदीच निराधार नव्हता. ऑगस्ट १९५५ पासून यू-२ या गुप्त टेहळणी विमानाची उड्डाणे सुरू झाली. फार उंचावरून जाणारी ही विमाने उन्हात चकाकत. अशा नोंदी प्रकल्पाचे अधिकारी सीआयएकडून पडताळून घेत, मात्र खरे कारण पाहणाऱ्याला सांगता येत नसे.

कोलोरॅडो विद्यापीठातील एडवर्ड काँडन यांच्या समितीने पुढील अभ्यासातून विज्ञानाला फारसा लाभ होणार नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर १७ डिसेंबर १९६९ रोजी प्रकल्प बंद करण्यात आला. हायनेक यांनी मात्र १९७३ मध्ये स्वतःचे अभ्यासकेंद्र स्थापन केले.