डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला

मुलुंड, नाहूर, भांडुप, कुर्ला असा शीवकडे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. याच रस्त्यावर कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. तेथे बनलेली फियाट ११००, म्हणजेच पुढची पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ साली झाली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने निरोप घेतला.

डायनॅमो असलेली जुनी गाडी पावसाळ्यात सिग्नलला थांबली, की दिवे मंदावत आणि चालकासमोरचा तांबडा दिवा लागे. वायपर आणि दिवे यांचा सगळा भार तेव्हा बॅटरीवर पडे. वाहतूक फार वेळ तुंबली, तर बॅटरी उतरे, गाडी ढकलावी लागे आणि टॅक्सीवाल्याचा धंदा बुडे. असे का होई?

याचे मूळ पार १८३२ सालात आहे. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी यांनी कुंडलांसमोर चुंबक फिरवणारे जनित्र बनवले. चुंबकाचे ध्रुव आळीपाळीने समोर येत, त्यामुळे धारेची दिशा सारखी उलटत असे. त्या काळी अशा धारेचा उपयोग कोणाला दिसेना. म्हणून अँपिअर यांच्या सूचनेवरून पिक्सी यांनी धारा एका दिशेत आणणारा कॉम्यूटेटर जोडला.

मोटारीचा डायनॅमो याच परंपरेतला. त्यात धारा निर्माण होते ती फिरणाऱ्या कुंडलात. बॅटरीला जाणारी सगळी धारा कॉम्यूटेटर आणि ब्रश यांतून बाहेर पडते. वेग फार वाढला, तर ठिणग्या उडतात आणि कुंडलाची तार बाहेर फेकली जाण्याची भीती असते. म्हणून पट्ट्याची चाके अशी निवडत, की इंजिन पूर्ण वेगात असतानाही डायनॅमो मर्यादेत राहावा. परिणामी, इंजिन मंद असताना त्याची गती अपुरी पडे.

यावरची युक्ती म्हणजे उलटापालट. अल्टरनेटरमध्ये धारा देणारी कुंडले स्थिर असतात आणि विद्युतचुंबक फिरतो. त्याला ब्रशमधून फक्त काही अँपिअर धारा द्यावी लागते. त्यामुळे तो इंजिनाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेगाने फिरवता येतो आणि गाडी उभी असतानाही बॅटरी भारित होते. धारा एका दिशेत आणण्याचे काम सिलिकॉनचे सहा डायोड करतात. तेच बॅटरीची धारा उलट वाहू देत नाहीत, म्हणून डायनॅमोला लागणारा कट-आउट येथे लागत नाही. असे डायोड मिळू लागल्यावर १९६० साली क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. पुढे जुन्या गाड्यांतही डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवले गेले.

म्हणजे दोन्ही यंत्रांत मुळात धारा प्रत्यावर्तीच असते. फरक आहे तो ती सरळ कोठे व कशी करायची, यात.

वर्गात हे दाखवायला सायकलचा डायनॅमो पुरेसा आहे. दोन एलईडी एकमेकांना समांतर, पण उलट दिशेने जोडा, त्यांच्यापूर्वी एक रोध घाला आणि चाक सावकाश फिरवा. दोन्ही आळीपाळीने लुकलुकतील. नाव डायनॅमो असले, तरी आत चुंबक फिरतो आणि कुंडल स्थिर असते. मग हा डायनॅमो की अल्टरनेटर? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.