टीना, कोणाची?

रिछाईच्या कारखान्यात पाळी सुटते. लेथ बंद करून तू हाताचं ग्रीस चिंधीला पुसतोस. फाटकाबाहेर टपरीवर कोणीतरी हाक मारतं, "ए टीना!" आणि एक पोर धावत येते. तुझी आजी नर्मदा, घरात नमू. नदीचं नाव असल्यामुळे हाक मारतानाच नमस्कार उरकायचा. टीनात मात्र ना नदी, ना देव. पण हे नाव नसेल, नुसतं शेपूट असेल. ते धरून मागं चल.

1541. पाय चिखलात. समोर मांडवी, टेकडीवर बुटकं प्रार्थनाघर. पणजी अजून कोळ्यांची वस्ती आहे. फोटोतला तो पांढरा नागमोडी जिना शोधू नकोस, त्याला अजून तीन शतकं आहेत. लिस्बनहून आलेले खलाशी घसरत वर चढतात, जिवंत पोचलो म्हणून गुडघे टेकतात. प्रार्थनाघरातली सायबीण, म्हणजे मरियामाता, कॉन्सेसांवची; कोकणीत निश्कळंक गर्भसंभवाची. इटलीत याच शब्दाचं मुलीचं नाव होतं: कोन्चेत्ता. शब्दशः, गर्भात आलेली! आपल्याकडं बारशाला आत्यानं असलं नाव कानात सांगितलं असतं, तर पाळण्याभोवतीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले असते.

गर्भ कोणाचा? इथं बहुतेक सगळे चुकतात. येशूचा नव्हे, आई अॅनाच्या पोटात आलेल्या मरियेचा, आदिपापाचा डाग न लागलेला. सण 8 डिसेंबरला. बोटांवर नऊ महिने मोज, 8 सप्टेंबर येतो: मरियेचा जन्म, वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेचे दिवस. हिशेब पक्का आहे.

आता रोम, 8 डिसेंबर 1854. सेंट पीटरच्या गर्दीत तू टाचा उंचावतोस. नववे पायस पोप जाहीर करतात, की ही गोष्ट आजपासून श्रद्धेचा सिद्धान्त. तुला हसू येतं. पणजीच्या त्या टेकडीवर लोक 313 वर्षं आधीच हात जोडून मोकळे झालेले!

दक्षिण इटलीतल्या एखाद्या अंगणात थांब. आई लाडानं हाकारते, "कोन्चेत्तीनाऽ!" पोर ऐकत नाही. दुसरी हाक आखूड, चिडलेली: "तीनाऽ!" एवढा मोठा सिद्धान्त, उरली दोन अक्षरं. नर्मदेची नमू झाली तशीच. अर्थात ख्रिस्तीनाचीही तीनाच होते, मार्तीनाचीही. शेपटावरून जनावर ओळखू नये.

रिछाईत चहा निवलाय. तू त्या पोरीला विचारतोस, "नाम किसने रखा?"

"बुआ ने."