बोराडे, रा. रं.

बोराडे, रावसाहेब रंगनाथ (२५ डिसेंबर १९४० – ११ फेब्रुवारी २०२५). मराठी कादंबरीकार, कथाकार, नाटककार. जन्म लातूरजवळच्या काटगावचा. बालपणाची पहिली सात-आठ वर्षे निजामाच्या राजवटीतली, पुढची हैदराबाद राज्यातली. १९५७ मध्ये पहिली कथा छापून आली आणि १९६२ मध्ये ‘पेरणी’ हा पहिला कथासंग्रह. वैजापूरचे विनायकराव पाटील महाविद्यालय आणि औरंगाबादचे देवगिरी महाविद्यालय येथे ते प्राचार्य होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना निधनाच्या काही दिवस आधी जाहीर झाला. ‘मळणी’, ‘वाळवण’, ‘राखण’ हे कथासंग्रह आणि ‘पाचोळा’ (१९७१), ‘सावट’, ‘चारापाणी’, ‘आमदार सौभाग्यवती’, ‘इथं होतं एक गाव’ या कादंबऱ्या ही त्यांची ठळक पुस्तके. नावांवर नुसती नजर टाकली तरी शेताचे वर्ष डोळ्यांपुढून सरकते. मात्र बोराड्यांना ‘ग्रामीण जीवनाचे चित्रकार’ म्हणून मोकळे होणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. चित्रण पुष्कळांनी केले. त्यांचे वेगळेपण गाव कोणाच्या तोंडून सांगायचे, या निवडीत आहे.

मराठी ग्रामीण कादंबरीपुढचा मूळ पेच निवेदकाचाच होता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सांगतो तो बाहेरून आलेला मास्तर. वाडीला तो जीव लावतो, पण एक दिवस निघून जाणार हे वाचकाला ठाऊक असते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचे हाल अगदी आतले आहेत, तरी ती स्वतः सांगत नाही, लेखक सांगतो, ती वऱ्हाडीत बोलते. ‘पाचोळा’त ही फट बुजते. गंगाराम या शिंप्याची बायको पार्वती अथपासून इतिपर्यंत आपल्या बोलीत बोलते. गंगारामाची पाटलाशी तेढ पडते आणि त्या तेढीत घराची वाताहत होते. गावकीच्या व्यवहारात शिवणकाम करणाऱ्याला दाम हातोहात मिळत नसे. अंगरखा आज शिवायचा, ज्वारी खळ्यावर रास पडल्यावर घ्यायची. हा उधारीचा धागा दोन्ही बाजूंनी राखला तरच टिकतो. एका बाजूने तो सुटला की दारी ठेवलेल्या मशीनची किंमत लोखंडाएवढी उरते. हे सगळे पार्वतीला उंबऱ्याआतून कळते, तेही अर्धेमुर्धे. पारावर, वाड्यात काय ठरले ते तिला नवऱ्याच्या चढलेल्या आवाजावरून, पोराच्या वागण्यावरून ताडावे लागते. सत्ता दिसत नाही, तिचे परिणाम तेवढे घरात येऊन पडतात. माझ्या मते याच अर्धवट माहितीमुळे ‘पाचोळा’ राजकीय कादंबरी ठरते.

यावर पहिला आक्षेप असा की, संपूर्ण बोलीतले आत्मनिवेदन हा काही बोराड्यांचा एकट्याचा मान नव्हे. त्याच १९७१ साली आनंद यादवांचा ‘गोतावळा’ आला आणि त्यातला नारबा हा गडीही आपल्या बोलीतच बोलतो. आक्षेप खरा आहे. फरक कशाचा शोक आहे, यात आहे. नारबाची नाळ जित्राबांशी आणि मळ्याशी, ती तोडायला ट्रॅक्टर येतो; पार्वतीचा संसार मोडतात ती माणसेच, रोज समोर दिसणारी, नावानिशी ओळखीची. म्हणून ‘गोतावळ्या’त एक हळवी लय आहे. ‘पाचोळा’त ती नाही, आणि ते बरेच झाले.

दुसरा आक्षेप भाषेचा: इतकी ठेवणीबाहेरची बोली कादंबरीभर चालवली तर मराठवाड्याबाहेरचा वाचक अडखळतो. अडखळतो खराच. पण कोणाची भाषा अडथळा आणि कोणाची प्रमाण, हे मांजरेकाठी कधी ठरले नव्हते. ही नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावते, केज तालुक्यात धनेगावला अडवली जाते आणि लातूरची तहान भागवते. तिच्या दोन्ही अंगांना ‘करतोय’ला ‘करायलोय’ आणि ‘म्हटलं’ला ‘मनलं’ हेच रोजचे बोलणे. केज-अंबाजोगाईच्या वाचकाला पार्वतीच्या बोलण्यासाठी शब्दार्थांची यादी लागत नाही. बोराड्यांच्या पाठोपाठ भास्कर चंदनशिव आणि बीडच्या बलभीम महाविद्यालयात १९७० च्या दशकात मराठी शिकवणारे नागनाथ कोत्तापल्ले यांनी मराठवाड्याचे गाव लिहिले. चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मध्ये भावच न मिळाल्याने बाप बाजारात टोमॅटो तुडवतो, आणि सांगणारा त्याचा शाळकरी पोर आहे. घरातल्या धाकट्या माणसाने मोठ्याची हार पाहायची, ही रीत ‘पाचोळा’ने आधीच रुळवली होती.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार: पुरुष लेखकाने बाईला बोलते केले, पण सोसणारीच केले. ‘पाचोळा’पुरता तो मान्य करावा लागतो, पार्वती पाहते, समजते, थांबवू काही शकत नाही. ‘आमदार सौभाग्यवती’ मात्र हा आक्षेप उलटवते. तिथे बाई उंबरा ओलांडून थेट पदावर जाते आणि घरातले नाते व खुर्चीचे बळ यांची ओढाताण सुरू होते. श्रीनिवास जोशींनी या कादंबरीचे नाटक केले. ही कथा पंचायतींतल्या महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात येण्यापूर्वीची आहे. नवऱ्याच्या हातचे बाहुले, असा तिचा सोपा अर्थ लावला जातो. तो पुरेसा नाही, याचा दाखला पुस्तकाबाहेर, शेजारच्याच जिल्ह्यात सापडतो: राजुरीच्या सरपंचपदापासून सुरुवात केलेल्या केशरकाकू क्षीरसागर बीडमधून १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीन वेळा लोकसभेवर निवडून आल्या. या मुलखात बाईच्या हाती आलेली सत्ता ही केवळ गमतीची कल्पना नव्हती. बोराड्यांनी तिला कादंबरीचा विषय केले, आणि शीर्षकात ‘आमदार’ या शब्दाला ‘सौभाग्यवती’ जोडून खोचही मारून ठेवली.