मोटारसायकलची काच : निगा व साठवण

मोटारसायकलच्या हँडलपुढे वारा, धूळ व किडे अडवण्यासाठी बसवलेले पारदर्शक आवरण म्हणजे विंडशील्ड. बोलण्यात तिला ‘काच’ किंवा ‘वायझर’ म्हणतात. ती असते मात्र प्लॅस्टिकची, आणि काच समजून पुसल्यानेच ती बहुधा खराब होते.

अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ही दोन प्लॅस्टिके यासाठी वापरतात. अ‍ॅक्रिलिक ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने १९३३ पासून ओळखले जाते. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये बायर कंपनीतील हेर्मान श्नेल आणि जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे लावला. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण दगड बसला की ते तडकते. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, पण नखानेही ओरखडते. म्हणून चांगल्या काचेवर कठीण लेप दिलेला असतो.

धुळीची काच कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि फडके त्यांचा पॉलिश-पेपर करते. घाटातून परतल्यावर किडे वाळून चिकटलेले असतील तर भिजवलेला जुना सुती पंचा दहा मिनिटे काचेवर पसरून ठेवावा, मग भरपूर पाणी, थोडा सौम्य शांपू आणि तळहात. एवढे पुरते. अमोनिया असलेले काच-सफाईचे द्रव, पेट्रोल, थिनर, ब्रेक ऑइल ही सगळी पॉलिकार्बोनेटची शत्रू. त्यांचा परिणाम आधी दिसतो तो स्क्रूच्या भोकांपाशी, कारण तिथे प्लॅस्टिक ताणलेले असते : भोकाच्या कडेपासून केसाएवढ्या रेषा पसरू लागतात आणि एक दिवस कोपराच निघून येतो. म्हणून स्क्रू आवळून पिळू नयेत, खाली रबरी वायसर असावा, आणि स्क्रू पक्का करणारा गोंद तिथे लावू नये.

लांबच्या प्रवासापुरती उंच काच लावून शहरात ती काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. साठवणीला खर्च जवळजवळ नाही. काच धुऊन पूर्ण वाळवावी, उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात किंवा मऊ चादरीत घालावी आणि भोकांतून नाडी ओवून भिंतीवरच्या खिळ्याला उभी टांगावी. आडवी ठेवून वर सामान रचले तर तिचा बाक बिघडतो आणि परत बसवताना भोके जुळत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये. पावसाळ्यात आत दमट राहते. पत्र्याखालचा तापणारा माळा आणि रंगाच्या डब्यांचा कोपरा, दोन्ही टाळावेत. स्क्रू व वायसर छोट्या पुडीत घालून त्याच नाडीला बांधावेत. ही सवय लावून घेण्यासारखी आहे, कारण हरवते ते नेहमी हेच.

काच गाडीवरच राहणार असेल तर गाडीच्या कव्हराखाली तिच्यावर एक मऊ कापड टाकावे. वाऱ्याने फडफडणारे धुळकट कव्हर वर्षभरात काच धुरकट करते.

टूथपेस्टने ओरखडे घासण्याचा उपाय लेप नसलेल्या अ‍ॅक्रिलिकवर थोडाफार चालतो. लेप असलेल्या काचेवर मात्र तो करू नये, लेप खरवडून डाग पडतात. ओरखडे नजरेच्या रेषेत आले की रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर फुटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. अशी काच बदलावी.