गिटारच्या पेडलमधून घूं-घूं येते? गिटार बदलण्याआधी अडॅप्टर तपासा

धडगाव : लग्नसराईत आपल्याकडे टेम्पोवरचे बँड पाड्यापाड्याने फिरतात. कीबोर्ड, ऑक्टापॅडच्या जोडीला काही बँडमध्ये गिटारही असते. पण पेडल जोडलं की स्पीकरमधून घूं-घूं सुरू. गेल्या सीझनला आमच्या शेजारच्या पाड्यावर हेच झालं. पोराची गिटार बंद ठेवून बँड वाजला आणि त्याचे त्या रात्रीचे पैसे कापले गेले. नंतर बघितलं तर गिटार चांगली होती. चार पेडल एकाच स्वस्त अडॅप्टरवर लावले होते, तिथे घोळ होता.

आधी दोष शोधा

पेडलला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावता येत असेल तर अडॅप्टर काढून तिच्यावर वाजवून बघा. आवाज गेला तर दोष अडॅप्टरचा. राहिला तर उभ्या जागी गिटार फिरवा. फिरवल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर गिटारचा पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मर किंवा लायटिंगचा आवाज ओढतोय, जागा बदला. तरीही फरक नसेल तर पिन, वायर आणि अर्थिंग बघा.

अडॅप्टर घेताना चार गोष्टी

१) व्होल्ट : बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात. पेडलवर लिहिलेलं असतं. जास्त व्होल्ट दिले तर पेडल जळू शकतं.

२) पिनची दिशा : बहुतेक पेडलला मधली पिन मायनस लागते. वायफाय राउटरचा अडॅप्टर साधारण १२ व्होल्टचा आणि मधे प्लस असतो. पिन बसते म्हणून तो लावू नका.

३) मिलीअँपिअर : सगळ्या पेडलची बेरीज करा. समजा ओव्हरड्राइव्ह १०, कोरस ३० आणि डिले ८०, म्हणजे १२० झाले. अडॅप्टर २०० च्या वरचा घ्या. अँपिअर जास्त असले तर नुकसान नाही, पेडल लागेल तेवढंच घेतं. कमी पडले तर मात्र आवाज फाटतो.

४) वेगवेगळे आउटपुट : एका अडॅप्टरला माळेसारखी वायर लावली की सगळ्यांची मायनस एक होते. डिलेसारख्या डिजिटल पेडलचा कचरा दुसऱ्यात शिरतो. म्हणून 'आयसोलेटेड' सप्लाय घ्या. त्यात प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असतं. प्रत्येकाची मर्यादाही वेगळी असते, डिलेला १०० च्या वरचं आउटपुट द्या.

डब्यावर 'आयसोलेटेड' छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. सप्लाय लाइटवरून काढा, दोन आउटपुटला वायर लावा आणि मीटर बझरवर ठेवून दोन्ही पिनांची मायनस तपासा. बीप वाजला तर ते स्वतंत्र नाहीत.

पैसे कमी असतील तर

डिजिटल पेडलला वेगळा अडॅप्टर आणि बाकी साध्या पेडलना एक, एवढ्यानेही बराच फरक पडतो. साधा ओव्हरड्राइव्ह चांगल्या अल्कलाइन बॅटरीवर रात्रभर सहज चालतो. डिलेला मात्र ती चार-पाच तासच पुरते. वाजवून झालं की गिटारची पिन पेडलमधून काढून ठेवा, नाहीतर बॅटरी तशीच उतरते.

टेम्पो आणि जनरेटर

अँप आणि पेडल एकाच बोर्डवरून घ्या, लायटिंगला वेगळी लाइन द्या. अडॅप्टर गिटारच्या वायरजवळ ठेवू नका. टेम्पोची १२ व्होल्टची बॅटरी पेडलला थेट जोडू नका. गाडी चालू असताना तिचे व्होल्ट १४ च्या आसपास जातात.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काही जण घूं-घूं घालवायला थ्री-पिनची अर्थची पिन कापतात. आवाज जाईलही, पण अँपमध्ये बिघाड झाला तर करंट गिटारच्या तारांवर येतो. हात तारांवर आणि तोंड माइकजवळ असताना हा झटका जीव घेऊ शकतो. पिन कापू नका, जनरेटरलाही इलेक्ट्रिशियनकडून नीट अर्थिंग करून घ्या.