मु. पो. लोधीखेडा

बिऱ्हाड हलले किंवा लांबचा प्रवास झाला, की पोहोचल्याचे घरी कळवायचे, ही मराठी घरांतली जुनी रीत. मोडी पत्रांत तिचा साचा ठरलेला असे. वर ‘श्री’, मग नात्याप्रमाणे साष्टांग नमस्कार किंवा आशीर्वाद, त्यापुढे ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जाणे’, आणि एवढे झाल्यावर ‘विशेष’ म्हणून खरा मजकूर. ही चैन दरबारी आणि सावकारी घरांची. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, नागपूर–छिंदवाडा वाटेवरच्या लोधीखेड्यासारख्या गावात सामान्य माणसाची खुशाली जाई ती कुणी ओळखीचा त्या बाजूला निघाला तर त्याच्या तोंडी. सौंसरच्या पुढे सिलेवानीचा घाट, अलीकडे सावनेर आणि नागपूर; निरोप पोचला की नाही हे तो माणूस परतल्यावरच कळे.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्याच वर्षी अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर देशभर लागू झाला. तरी खुशाली खरी स्वस्त केली ती १ जुलै १८७९ला निघालेल्या एका पैशाच्या कार्डाने. त्यावर जागा इतकी थोडी, की ‘कृ. सा. न. वि. वि.’, ‘ती. स्व.’, ‘चि.’, ‘सौ.’ या अक्षरांवाचून गत्यंतर नव्हते. बदलीच्या गावाहून आलेले कार्ड साधारण असे असे : सुखरूप पोचलो, सामान उतरले, घडवंचीचा एक पाय तेवढा मोडला, पाणी गोड आहे, मुलांचे नाव शाळेत घातले, तिकडील क्षेम कळवावे. उरलेल्या कोपऱ्यात, पत्त्याच्या कडेने, आडव्या ओळीत ‘आईस नमस्कार’. लिहिता न येणाऱ्यांचे कार्ड मास्तर लिहीत आणि आलेले पोस्टमन वाचून दाखवी. त्यामुळे घरची खुशाली आळीलाही कळे. कोपरा फाटलेले कार्ड मात्र दाराबाहेरच वाचायचे आणि फाडून टाकायचे. ते सुतकाचे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी ‘छोटी लाईन’ नागपूर ते छिंदवाडा धावू लागली आणि गावाचे तोंड नागपूरकडे अधिकच वळले. राजधानीही तिथेच होती. १९५०मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे नाव मध्य प्रदेश झाले, तेव्हा लोधीखेडा आणि नागपूर दोन्हींच्या पत्त्यात ‘म. प्र.’ आले. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली. मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्णा पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला हलली. पत्ता बदलला तो नागपूरकरांचा, आणि परका झाला लोधीखेड्याचा माणूस! सासर-माहेराची कार्डे आता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागली. सरकारी नोकरांची बिऱ्हाडे नागपूरहून भोपाळ-जबलपूरकडे निघाली ती याच सुमारास. त्यांच्या खुशालीला मधला सातपुडा ओलांडावा लागे.

१५ ऑगस्ट १९७२पासून पिनकोड आला. त्याने मात्र राज्याची सीमा फारशी मानली नाही : नागपूरचा ४४०, छिंदवाड्याचा ४८०, दोन्हींचा पहिला आकडा एकच.

पुढे फोन आले. मोबाइलच्या सुरुवातीच्या दिवसांत एक मिस्ड कॉल म्हणजे ‘पोचलो’. त्याला पैसा पडत नसे आणि उत्तरही लागत नसे. घडवंचीचा पाय मोडल्याचे मात्र त्यात सांगता येईना. तार २०१३मध्ये बंद झाली. छोटी लाईन २०१५मध्ये थांबली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. आता पत्त्यात ‘ता. सौंसर, जि. पांढुर्णा’ असे लिहितात; पिनकोड अजून ४८०नेच सुरू होतो.