चित्राचा कर्ता कोण?

इ. स. १८३९ च्या जानेवारीत पॅरिस येथील विज्ञान अकादमीपुढे आरागो ह्या शास्त्रज्ञाने दागेर ह्याच्या नव्या शोधाची वार्ता सांगितली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाश आपण होऊन आकृती उमटवीत होता. तेथे रेषा ओढणारे बोट नव्हते की रंग कालवणारी कुंचली नव्हती. जे चित्र हाताने काढलेलेच नाही त्यास कला म्हणावे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या चित्रांवरून २०२२ नंतर जो वाद माजला, तो पुष्कळांस अगदी अपूर्व वाटतो. वस्तुतः त्यातील बहुतेक मुद्दे छायाचित्राच्या निमित्ताने एकदा झडून गेलेले आहेत. तो जुना वाद कोणत्या आधारावर मिटला, हे प्रथम पाहणे इष्ट होय.

छायाचित्राचा पहिला घाव बसला तो पोटावर. हस्तिदंतावर लहान तसबिरी रंगवून उपजीविका करणाऱ्या कारागिरांचे गिऱ्हाईक थोड्याच वर्षांत छायाचित्रकाराच्या दारी गेले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःच कॅमेरा हाती घेतला. दुसरा आक्षेप तत्त्वाचा होता. १८५९ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनाच्या जोडीस छायाचित्रे मांडण्यात आली, तेव्हा कवी बोदलेर ह्याने त्यांच्यावर कठोर टीका केली. छायाचित्राने शास्त्राची व कलेची दासी होऊन राहावे, कल्पनेच्या प्रांतात पाऊल टाकू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. यंत्र जे समोर असेल त्याची नक्कल करते. नकलेत मन कोठून येणार, हा ह्या पक्षाचा मुख्य सवाल होता.

ह्या सवालाचे उत्तर देण्याची पाळी शेवटी न्यायालयांवर आली. मायेर व पियेर्साँ ह्या पॅरिसच्या छायाचित्रकारांनी विकावयास काढलेल्या इटालियन मुत्सद्दी काव्हूर ह्याच्या छबीची दुसऱ्यांनी परवानगीवाचून नक्कल केली. कलाकृतीस मिळणारे संरक्षण छायाचित्रासही मिळावे, अशी त्यांची मागणी होती. १८६२ साली वरिष्ठ न्यायालयाने ती मान्य केली. तेव्हा अँग्र ह्याच्यासारख्या नामांकित चित्रकारांनी सही करून निषेध नोंदविला. परंतु निकाल फिरला नाही.

ह्याहून अधिक मार्मिक निवाडा अमेरिकेत झाला. ऑस्कर वाइल्ड हा साहित्यिक १८८२ साली व्याख्यानांच्या दौऱ्यावर न्यूयॉर्क येथे आला असता नेपोलियन सारोनी ह्या छायाचित्रकाराने त्याची छबी घेतली. बरो-जाइल्स नावाच्या शिळाछापखान्याने तिच्या ८५,००० प्रती छापून बाजारात आणल्या. छबी ही यंत्राची कृती आहे, तिला कर्ताच नाही, असा बचाव छापखान्याने केला. १८८४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. वाइल्डला कोणत्या ढबीत बसवावे, पोशाख व पडदे कसे असावेत, उजेड व छाया कोठे पडावी, चेहऱ्यावर कोणता भाव आणवावा, हे सर्व सारोनीच्या मनात आधी ठरले होते. म्हणून कर्ता तोच, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ज्या छायाचित्रात अशी काही योजना नाही, ते केवळ यांत्रिक असू शकेल काय, ह्या मुद्द्यावर न्यायालयाने जाणूनबुजून निर्णय दिला नाही.

कलेच्या जगाने मान्यता देण्यास ह्याहून अधिक काळ घेतला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात छायाचित्रांचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९४० साली. न्यायालय ठरविते ते स्वामित्व, सौंदर्य नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि दोन्ही ठिकाणी कौल मिळाला तो एकाच गोष्टीस: यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या निवडीस.

आता नव्या वादाकडे पाहावे. २०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन अ‍ॅलन ह्याने मिडजर्नी ह्या यंत्रणेच्या साहाय्याने केलेल्या चित्रास आपल्या गटात पहिले बक्षीस मिळाले. आपण किमान ६२४ वेळा सूचना देऊन व सुधारून ते चित्र सिद्ध केले, असे त्याचे प्रतिपादन होते. यंत्राने निर्माण केलेल्या भागावरील हक्क सोडण्यास तो तयार नसल्यामुळे कॉपीराइट कार्यालयाने २०२३ च्या सप्टेंबरात नोंदणी नाकारली. स्टीफन थेलर ह्याने तर आपल्या चित्राचा कर्ता यंत्रच आहे, असा दावा मांडला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो फेटाळताना न्यायालयाने त्याच सारोनीच्या खटल्याचा आधार घेतला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. भारतात १९९४ च्या दुरुस्तीने, संगणकनिर्मित कृती घडून येण्यास जी व्यक्ती कारण होते तीच तिचा कर्ता, अशी तरतूद कायद्यात आली. परंतु कारण होणे म्हणजे नेमके किती करणे, हे त्या शब्दांत सांगितलेले नाही.

छायाचित्रास एके काळी नाके मुरडली आणि पुढे ते कला ठरले, तसेच ह्याही चित्रांचे होईल, असे नव्या यंत्राचे पुरस्कर्ते म्हणतात. इतिहास त्यांना निम्मीच साथ देतो. छायाचित्र जिंकले ते यंत्राच्या सामर्थ्यावर नव्हे, तर उजेड कोठून यावा हे सारोनीने ठरविले होते म्हणून. सूचना देणारा माणूस शेवटच्या आकृतीतील किती भाग असा ठरवितो, हेच येथे सिद्ध व्हावयाचे आहे. काही थोडे कलावंत ते सिद्ध करतीलही. प्रत्येक सूचनेने ते आपोआप सिद्ध होत नाही.

आणखी एक भेद आहे, आणि तो अधिक बोचणारा आहे. सारोनीच्या काचेवर पडलेला प्रकाश कोणाच्या मालकीचा नव्हता. नवे यंत्र मात्र माणसांनी आधी काढलेल्या असंख्य चित्रांवर शिकते, आणि ज्यांची चित्रे त्यास शिकविण्यासाठी वापरली गेली त्यांना बहुधा विचारलेलेही नसते. २०२३ च्या जानेवारीत तीन चित्रकर्त्यांनी कॅलिफोर्नियात दावा लावला तो ह्याच तक्रारीवरून. छोट्या तसबिरी रंगविणाऱ्यांचे काम कॅमेऱ्याने नेले, पण त्यांच्याच तसबिरींतून कॅमेरा घडला नव्हता. म्हणून चित्राचा कर्ता कोण, हा १८८४ चा प्रश्न आज एकटा पुरत नाही. ह्या चित्रात कोणाकोणाचे श्रम उतरले आहेत, हेही त्याबरोबर विचारले पाहिजे. आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत, कला असो वा नसो, त्या चित्राखाली एकाच माणसाची सही पुरी पडणार नाही.